मालकी कोणाच्या हाती? रोपरखेडा ते कमानी ट्यूब्स

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि काळ्या गुलामांच्या कष्टावर पिकणारा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेनासा झाला. गिरणीमालकांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे वळली. 1867 पर्यंत मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली, आणि पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ आली, तीही कापूस वाहण्यासाठीच. कारंजाची बाजारपेठ या व्यापारावर भरभराटली. अमेरिकेतल्या गुलामाचा घाम आणि वऱ्हाडातल्या गावकुसाबाहेरच्या मजुराचा घाम असा एकाच गिरणीच्या दारात पोहोचला. गाठींची मालकी मात्र दोन्हीकडे दुसऱ्याचीच होती.

त्यानंतर शंभर वर्षांनी, 1961 मध्ये, मूर्तिजापूर तालुक्यातल्या रोपरखेड्याच्या एका दलित कुटुंबात, पोलीस हवालदाराच्या घरी, कल्पना सरोज यांचा जन्म झाला. कारंजा आज ज्या जिल्ह्यात आहे, ते वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं. वेगळा वाशिम जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 ला. मूर्तिजापूर आणि कारंजा हे तालुके आजही एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे ही कहाणी वाशिमकरांच्या शिवेवरची आहे. बाराव्या वर्षी लग्न, मुंबईच्या झोपडपट्टीतलं सासर, मारहाण, वडिलांनी माहेरी परत आणणं, गावाची बोलणी, विष घेऊन जीव देण्याचा प्रयत्न, मग पुन्हा मुंबई आणि होजिअरीच्या कारखान्यात दोन रुपये रोज. तिथून 2006 मध्ये कमानी ट्यूब्स या कंपनीचं अध्यक्षपद आणि 2013 मध्ये पद्मश्री. हे सगळं त्यांनी स्वतः जाहीरपणे अनेकदा सांगितलेलं आहे. या कहाणीतून घ्यायचं काय, यावर मात्र दोन मतं आहेत. पुढच्या संवादात ती समोरासमोर ठेवली आहेत. एक बाजू आंबेडकरी चळवळीतल्या कार्यकर्तीची. दलित भांडवलदारीचं कौतुक तिला पटत नाही. दुसरी बाजू माझी.

ताई : सर, कल्पनाताईंच्या जिद्दीबद्दल मला आदरच आहे. राग आहे तो त्यांच्या कहाणीच्या वापराचा. व्यासपीठावरून ती सांगितली जाते आणि शेवटी प्रश्न येतो की, बाराव्या वर्षी लग्न झालेली बाई कारखान्याची मालक होऊ शकते, तर तुम्ही सवलती कशाला मागता? आमच्यातल्या एकीचं यश आमच्याच बाकीच्या लाखोंविरुद्ध पुरावा म्हणून उभं केलं जातं. आणि बाबासाहेबांनी 1947 मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये काय मागितलं? शेती आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, हे. आपल्यातल्या चार जणांनी भांडवलदार व्हावं, हे नव्हे. तुम्ही लोक अमेरिकेचे दाखले देता. तिथेही काळ्यांचे नेते बुकर टी. वॉशिंग्टन आपल्या समाजाला सांगत होते की आधी कसब शिका, धंदा करा, राजकीय हक्कांचं पुढे बघू. काळे विचारवंत ड्यू बॉईस यांनी त्याला कडाडून विरोध केला. 1946 मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिलं ते ड्यू बॉईस यांना.

मी : ताई, तो वापर मलाही मान्य नाही. आणि तो खोडून काढायचा तर सगळ्यात भक्कम पुरावा याच कहाणीत आहे. फक्त ती सावकाश वाचायला हवी. सासरहून मुलीला परत आणणारा बाप हवालदार होता, म्हणजे त्याच्या घरात दरमहा सरकारी पगार येत होता आणि त्याची रोजीरोटी गावातल्या कुणा जमीनदाराच्या मर्जीवर नव्हती. मुंबईत शिवणकाम करणाऱ्या मुलीला धंद्यासाठी पहिलं भांडवल कुठून मिळालं? मागासवर्गीयांसाठीच्या सरकारी योजनेतून, 50,000 रुपयांच्या कर्जाने. त्यातून कल्याणला फर्निचरचं दुकान उभं राहिलं. मग त्यांनी काय केलं, तर बेरोजगार तरुणांची संघटना काढली आणि अशा योजनांची कर्जं इतरांना मिळवून द्यायला लागल्या. कल्याणमधली वादात अडकलेली जमीन, तिच्यावरची इमारत, त्यापायी आलेली जिवे मारण्याची धमकी, हे पुढचं. आणि कमानी ट्यूब्सपर्यंत त्या पोहोचल्या त्या न्यायालय, आजारी उद्योगांचं मंडळ आणि बँका यांच्या दारातून. जिद्द होतीच. पण जिद्द वऱ्हाडातल्या पुष्कळ मुलींकडे असते. ज्यांच्या जिद्दीला सार्वजनिक संस्थेने एकदा तरी दार उघडलं, त्यांचीच नावं आपल्याला माहीत होतात. तेव्हा ‘सवलती कशाला?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने ही कहाणी मुळात वाचलेलीच नाही.

बाबासाहेबांबद्दल बोलायचं तर त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. परदेशातून अर्थशास्त्र शिकून आल्यावर त्यांनी मुंबईत गुंतवणुकीविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइकं फिरकेनाशी झाली आणि व्यवसाय बंद करावा लागला. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला, पुढे 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारा माणूस पैशाविषयी सल्ला द्यायला बसतो आणि जात आडवी येते. बाजार गुणवत्ता पाहतो असं म्हणणाऱ्यांना याहून मोठं उत्तर काय असणार? आणि मागे गेलं तर महात्मा फुले स्वतः बांधकामाचे ठेके घेत होते. 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना. धंदा करणं आणि जातीविरुद्ध लढणं यात त्यांना विरोध दिसला नाही.

ताई : सार्वजनिक संस्थांबद्दल तुम्ही म्हणता ते पटलं. पण मग कमानी ट्यूब्सच घ्या. ती कंपनी कल्पनाताईंच्या आधी कामगारांची होती ना? कामगारांनी मालक होऊन कारखाना चालवला, तो मोडला आणि शेवटी एका व्यक्तीच्या हाती गेला. यात आनंद मानायचा? मला तर यात एका मोठ्या स्वप्नाचा शेवट दिसतो.

मी : आनंद मानण्यासारखं त्यात काही नाही, आणि तो प्रयोग विसरला जाऊ नये असंच मला वाटतं. रामजीभाई कमानी यांनी उभी केलेली ही कंपनी, तांब्याच्या नळ्या बनवणारी. त्यांच्या पश्चात वारसांच्या भांडणांत ती बुडाली. कामगार संघटनेने सहकारी संस्था काढून कारखाना स्वतः चालवण्याची योजना मांडली, आजारी उद्योगांसाठीच्या मंडळाने ती मान्य केली आणि 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. काही वर्षं कारखाना चालला. पण धातूच्या धंद्यात कच्च्या मालासाठी रोज मोठी रक्कम लागते, आणि ज्यांच्याकडे तारण ठेवायला घामापलीकडे काही नाही त्यांना खेळतं भांडवल वेळेवर कोण देणार? शिवाय मालक अनेक झाले की निर्णय अडतात, तेही झालं. नव्वदच्या दशकात गाडं रुतलं. देणी 116 कोटींच्या घरात गेली, शंभराहून अधिक दावे साचले. अशा वेळी, 2000 च्या सुमारास, कामगार स्वतः कल्पना सरोज यांच्याकडे गेले. ताई, या गोष्टीकडे लक्ष द्या. कामगारांकडून कारखाना कुणी हिसकावून घेतला नाही. दुसरं कुणी हात लावायला तयार नव्हतं म्हणून ते एका अशा बाईकडे गेले, जिने त्या आधी तांब्याच्या नळीचा धंदा कधी केलेला नव्हता.

पुढची सहा वर्षं गेली ती मंत्र्यांकडे, बँकांकडे आणि न्यायालयात खेटे घालण्यात. बँकांनी दंडव्याज सोडलं. कामगारांची थकबाकी आणि बँकांची देणी ठरलेल्या मुदतीत फेडायची, या अटीवर 2006 मध्ये कंपनी त्यांच्याकडे आली. ती मुदत त्यांनी पाळली, कारखाना वाड्याला हलवला आणि कंपनी पुन्हा नफ्यात आणली. यातून मी असा निष्कर्ष काढत नाही की एकाची मालकी चांगली आणि कामगारांची वाईट. पण एवढं नक्की म्हणतो की मालकी नुसती न्यायालयाच्या आदेशाने मिळाली तर ती टिकत नाही. तिच्यामागे पतपुरवठा लागतो, बाजार लागतो, हिशेब कळणारी माणसं लागतात. हे सगळं ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या नाकारलं गेलं, त्याच्यासाठी ते जाणीवपूर्वक उभारावं लागतं, जशी शाळा उभारली, वसतिगृह उभारलं, तसंच.

ताई : नाकारलं गेलं हे तुम्ही मान्य करता, पण किती, ते तुम्ही सांगतच नाही. 2005 च्या आर्थिक गणनेवरून अभ्यासकांनी दाखवलं की देशात अनुसूचित जातींची लोकसंख्या 16 टक्क्यांच्या वर असताना त्यांच्या मालकीचे उद्योग 10 टक्क्यांच्याही आत होते. आणि त्यातही बहुतेक एकट्याने चालवलेले, टपरी, हातगाडी, चांभारकाम. कारखाना म्हणावा असं फार थोडं. शिवाय समजा पैसा आला, तर तो राखणार कोण? तुमच्याच अमेरिकेत टल्सा शहरात काळ्या माणसांनी ग्रीनवूड नावाची पेठ उभी केली होती. दुकानं, हॉटेलं, थिएटरं, दवाखाने. 1921 च्या मे अखेरीस गोऱ्या जमावाने दोन दिवसांत ती जाळून टाकली. इतक्या लांबही कशाला जायचं? आपल्या विदर्भात, भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत, 2006 मध्ये काय झालं? ज्या दलित कुटुंबातल्या माणसांना जमावाने ठार मारलं, त्यांच्याकडे स्वतःची जमीन होती, मुलगी शिकत होती. वर येणं हाच गुन्हा ठरला. ज्यांच्या हाती सत्ता नाही त्यांचा पैसा सुरक्षित नसतो, सर.

मी : या आक्षेपाला मी घाईने उत्तर देणार नाही, कारण तो खरा आहे. खैरलांजीवर मालकीचा युक्तिवाद फेकून मोकळं होता येत नाही. कायदा, पोलीस, न्यायालय आणि राजकीय ताकद यांशिवाय मालकी उघडी पडते, हे टल्सानेही दाखवलं. पण ताई, नाणं उलटून पाहा. पैशाशिवाय राजकीय हक्काचं काय होतं, याचा पुरावा बाबासाहेबांनीच गोळा केला आहे. मुंबई सरकारने 1928 मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीवर ते सदस्य होते. त्या समितीच्या 1930 च्या अहवालात स्पष्ट नोंदलेलं आहे की अस्पृश्यांकडे स्वतःची उपजीविका नसल्यामुळे गावातल्या जमीनदारांना बहिष्काराचं हत्यार वापरता येतं. कसायला जमीन द्यायची नाही, मजुरी द्यायची नाही, दुकानातून वाणसामान द्यायचं नाही, गावातून जायची वाट अडवायची. 1927 मध्ये महाडला चवदार तळ्यावर हक्क बजावल्यानंतर गावोगावी हेच झालं. हक्क कागदावर होता, दुकान दुसऱ्याचं होतं.

आता अमेरिकेतला दुसरा दाखला. अलाबामाच्या बर्मिंगहॅम शहरात ए. जी. गॅस्टन नावाचा काळा उद्योजक होता. 1892 चा जन्म, आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. खाणकामगारांना जेवणाचे डबे विकण्यापासून त्याने सुरुवात केली. पुढे विमा कंपनी, बँक आणि 1954 मध्ये एक मोटेल काढलं. गोऱ्यांच्या हॉटेलात काळ्यांना खोली मिळत नव्हती. 1963 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचं बर्मिंगहॅमचं आंदोलन चाललं ते याच मोटेलमधून. किंग यांना तुरुंगातून सोडवताना जामिनासाठी गॅस्टनने पैसा उभा केला. आंदोलनाच्या पद्धतीवर गॅस्टनचे किंग यांच्याशी मतभेद होते, तो सावध माणूस होता, तरीही मोटेलचं दार त्याने उघडं ठेवलं. त्या वर्षी मे महिन्यात मोटेलवर बॉम्बहल्ला झाला. म्हणजे तुमचं म्हणणंही खरं ठरलं आणि माझंही: मालकी असली की हल्ला होतो, आणि मालकी असली की चळवळीला निवाऱ्याची जागाही असते.

आणि मादाम सी. जे. वॉकर! कल्पना सरोज यांच्याशी त्यांचं साम्य पाहून कुणीही थबकेल. 1867 चा जन्म, लुईझियानातला, घरातलं स्वातंत्र्यात जन्मलेलं पहिलं मूल. सातव्या वर्षी आईबापांविना पोरकी, चौदाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी विधवा, मग वर्षानुवर्षं लोकांचे कपडे धुणं. पुढे काळ्या स्त्रियांच्या केसांसाठी लागणाऱ्या वस्तूंचा धंदा, 1910 मध्ये इंडियानापोलिसला मुक्काम आणि तिथे कारखाना. तुम्ही बुकर टी. वॉशिंग्टन यांचं नाव घेतलंत; त्यांच्याच व्यापारी संघटनेच्या 1912 च्या अधिवेशनात वॉकर यांना बोलायला वेळ दिला गेला नव्हता, त्या स्वतःच उठून बोलल्या. आणि 1917 मध्ये त्यांच्या विक्रेत्या स्त्रियांचं अधिवेशन फिलाडेल्फियात भरलं तेव्हा तिथून राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना जमावाकडून होणाऱ्या हत्यांविरुद्ध तार गेली. 1919 मध्ये त्या वारल्या, त्याच्या थोडं आधी त्यांनी ड्यू बॉईस काळ्यांच्या हक्कांसाठीच्या ज्या संघटनेचे खंदे कार्यकर्ते होते त्या एनएएसीपीला याच कामासाठी 5,000 डॉलर दिले. वॉशिंग्टन की ड्यू बॉईस, धंदा की हक्क, हा वाद पुस्तकात सरळ दोन बाजूंनी मांडता येतो. वॉकरबाईंच्या आयुष्यात दोन्ही बाजू एकत्र आल्या.

ताई : वॉकरबाईंसारख्या किती? बहुतेकांचं काय होतं ते आपण बघतो. पैसा आला की वस्ती सुटते, आडनाव बदलतं, जयंतीला वर्गणी दिली की नातं संपतं. आणि दलित उद्योजकांच्या संघटना सरकारच्या मांडीला मांडी लावून बसतात. सरकारी नोकऱ्या कमी होताहेत, भरती कंत्राटी होतेय, आरक्षण पोकळ होतंय. अशा वेळी ‘नोकरी मागू नका, नोकरी देणारे व्हा’ ही घोषणा द्यायची, म्हणजे मूळ प्रश्न बाजूला सारायचा.

मी : ती घोषणा मला धोक्याची वाटते, तुम्हाला वाटते तितकीच. मिलिंद कांबळे यांनी 2005 मध्ये पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री स्थापन केली, त्यांनाही 2013 मध्ये पद्मश्री मिळाली. त्या संघटनेने एक मोठं काम केलं: दलित माणूस कारखानदार असू शकतो हे चित्र देशासमोर उभं केलं. पण नोकऱ्यांमधल्या आरक्षणाला पर्याय म्हणून उद्योजकता पुढे केली गेली, तर ते मला मान्य नाही. हवालदार बापाचा पगार आठवा; त्या सरकारी नोकरीशिवाय पुढचं काहीच घडलं नसतं. नोकरीतून पहिली पिढी उभी राहते, दुसरी पिढी धोका पत्करू शकते. पहिलीचा पाया काढून दुसरीला उडी मारायला सांगणं हा अन्याय आहे.

वस्ती सोडणाऱ्यांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. इतर जातींतल्या उद्योजकाने गाव सोडलं तर त्याला कुणी जाब विचारत नाही. दलित उद्योजकाने मात्र संत असावं, नफा समाजाला वाटून टाकावा, ही अपेक्षा का? त्याने कर भरावा, कामगाराला किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी द्यावा, कायदा पाळावा. यापुढचं जो करेल त्याचं कौतुक करू. मालक दलित आहे म्हणून कामगाराचं शोषण कमी बोचत नाही, हे मी मान्य करतो, आणि म्हणूनच कामगार संघटना त्याच्याही कारखान्यात हवी. पण उद्योजक वाईट निघू शकतो, या भीतीपोटी एका समाजाने उद्योगातून बाहेरच राहावं, हे तर जातिव्यवस्थेने आपल्यासाठी आधीच ठरवून ठेवलेलं आहे.

ताई : ठीक. मग आपल्या वाशिममध्ये हे कसं होणार, ते सांगा. इथे धड उद्योगच नाहीत. सोयाबीन आणि तूर पिकते, ट्रकात भरली जाते आणि निघून जाते.

मी : म्हणूनच वाशिमबद्दल बोलायला हवं. नीती आयोगाने 2018 मध्ये आकांक्षित म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांत महाराष्ट्रातले चारच आहेत, त्यांत वाशिम आहे. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाखांच्या आसपास, आणि तीत अनुसूचित जाती जवळपास एक-पंचमांश, राज्याच्या सरासरीहून कितीतरी जास्त. समृद्धी महामार्ग कारंजा आणि मालेगावच्या शिवारातून जातो. माल बाहेर नेणारा रस्ता झाला; तेल, डाळ, पशुखाद्य इथेच बनवून बाहेर पाठवणारे मालक कोण होणार, हा प्रश्न उरला आहे. शकुंतलाच्या वेळीही रस्ता आधी आला होता आणि मालकी बाहेरची राहिली होती.

कायद्यात हत्यारं आहेत, ती बोथट ठेवली गेली आहेत. केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणानुसार सरकारी खात्यांनी आणि कंपन्यांनी 4 टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून करायची असते; वर्षानुवर्षं प्रत्यक्ष खरेदी त्याच्या बरीच खाली राहिली आहे. 5 एप्रिल 2016 ला सुरू झालेल्या स्टँड-अप इंडिया योजनेत प्रत्येक बँक शाखेने निदान एका अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि एका महिलेला 10 लाख ते 1 कोटी रुपयांपर्यंत कर्ज द्यायचं होतं. शाखेमागे एक! इतकी माफक अपेक्षा. अमेरिकेतही 1969 मध्ये अल्पसंख्याक उद्योजकांसाठी सरकारी कार्यालय उघडलं आणि सरकारी कंत्राटांत वाटा राखला जाऊ लागला. 1989 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रिचमंड शहराची 30 टक्क्यांची तरतूद रद्द केली. मिळालेला वाटा जागरूक राहून राखावा लागतो, हे त्यातून शिकायचं.

तेव्हा ताई, चळवळीला माझी विनंती आहे. कल्पना सरोज यांचा सत्कार जरूर करा, पण त्यांची कहाणी वापरून प्रश्न विचारा. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या तिमाही बैठकीत कर्जवाटपाचे आकडे मांडले जातात. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा, या सहाही तालुक्यांत कोणत्या शाखेने अनुसूचित जातीच्या किती अर्जदारांना उद्योगासाठी कर्ज दिलं, किती अर्ज परत पाठवले आणि कोणत्या कारणाने, हे माहितीच्या अधिकारात मागता येतं. शिष्यवृत्ती अडली की आपण समाजकल्याण कार्यालयावर मोर्चा नेतो. पन्नास हजारांचं कर्ज अडलं, तरी तसाच मोर्चा बँकेवर न्या.